पदरात लेकरं, पाठीवर छत्री

१९५९ साली आग्र्यात वायुदलाच्या डॉक्टर गीता चंदा यांनी विमानातून छत्रीनं उडी घेतली. भारतातल्या त्या पहिल्या महिला छत्रीधारी. पण ते सैन्याचं काम. हौसेच्या उड्यांमध्ये पहिलं नाव रेचल थॉमस यांचं, १९७९ मधलं. तेव्हा पदरात लेकरं होती. बचत गटाच्या मीटिंगला यायला "मुलं लहान आहेत" म्हणून घरातून अडवलेल्या बाया मी पाहते, म्हणून हे मुद्दाम सांगते. रेचलताई रेल्वेत नोकरीला होत्या. आपलं नांदगावही रेल्वेचंच गाव, तरी इथं त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. २००२ साली त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली. दोनच वर्षांनी पुण्याची शीतल महाजन तिथंच उतरली. २०१८ मध्ये तर शीतलनं थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. वाऱ्यात काष्टाही सांभाळायचा अन् छत्रीही!