मुकुट, तारा आणि तीन अक्षरं

लढाई कोणी जिंकली हे आपण शाळेत पाठ करतो. पण त्या फौजेला भाकरी कोणी पोचवली, हे सहसा विचारत नाही. आज हा प्रश्न आपण एका पितळी बटणाला विचारू.

बटण आहे ब्रिटिश आर्मी सर्व्हिस कोरचं. या दलाच्या टोपीवरचा बिल्ला आधी पाहू. आठ टोकांचा तारा, वर मुकुट, लॉरेलच्या पानांची माळ, मध्ये गार्टरचा पट्टा आणि त्यात गुंफलेली ए, एस, सी ही अक्षरं. आता हे बघा, इतका मान रसद वाहणाऱ्यांना सहज मिळालेला नाही.

१८५४ च्या क्रिमियन युद्धात माल बालाकलावा बंदरात पडून होता आणि काही मैलांवर सेवास्तोपोलसमोर सैनिक उपाशी, थंडीने मरत होते. कारण काय? रसदखातं तेव्हा लष्कराचं नव्हतंच. ते ब्रिटिश अर्थखात्याच्या हाताखाली होतं. मग सुधारणा सुरू झाल्या. १८५५ मध्ये लँड ट्रान्स्पोर्ट कोर आलं, पुढच्या वर्षी मिलिटरी ट्रेन. १८६९ मध्ये आर्मी सर्व्हिस कोर हे नाव प्रथम आलं. पण त्यात फक्त शिपाई, अधिकारी वेगळ्या खात्याचे!

१८७९ मध्ये रोर्क्स ड्रिफ्टला मक्याची पोती आणि बिस्किटांची खोकी रचून तटबंदी उभी राहिली. त्यात पुढाकार घेणारा जेम्स डाल्टन रसदखात्याचाच माणूस. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तरी अधिकारी आणि शिपाई एकाच लढाऊ दलात यायला १८८८ साल उजाडलं. ते काम रेडव्हर्स बुलर यांनी केलं.

आता बटण वाचू या. मुकुटाच्या कमानी गोल आणि उंच असतील तर ते १९०१ नंतरचं; कमानी मधोमध खोलगट असतील आणि अक्षरं 'आर ए एस सी' असतील तर १९५३ नंतरचं. 'रॉयल' ही पदवी नोव्हेंबर १९१८ मध्ये मिळाली. म्हणजे गोल मुकुट आणि नुसतं 'ए एस सी' दिसलं, की काळ साधारण १९०१ ते १९१८. मागच्या बाजूला बहुतेकदा कारखानदाराचं नाव असतं, पुष्कळदा बर्मिंगहॅमचं. पण सावध राहा! बटण बदलायला सुईदोरा पुरतो. बटणावरून कोटाचं वय ठरवू नये.

पहिल्या महायुद्धात या दलात तीन लाखांवर माणसं होती. तरीही खंदकातले शिपाई त्याच तीन अक्षरांची टिंगल करत: 'ॲली स्लोपर्स कॅव्हलरी'. स्लोपर हा व्यंगचित्रांतला आळशी, फुकट्या गडी. राग पगाराचाही होता. युद्धाच्या सुरुवातीला भरती झालेल्या मोटारचालकाला दिवसाला ६ शिलिंग, पायदळाच्या शिपायाला १. पण १९१८ मध्ये बेथ्यूनजवळ रिचर्ड मास्टर्स या चालकाने गोळीबारातून रुग्णवाहिका नेऊन जखमींना आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

भारतातही हेच नाव आलं. १९३९ च्या डिसेंबरात मुंबई बंदरातून खेचरांच्या भारतीय तुकड्या फ्रान्सला निघाल्या. पुढे त्यांतले बरेच जण डंकर्कहून सुटले. १९५० मध्ये मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले. आर्मी सर्व्हिस कोर ही अक्षरं मात्र आपण ठेवली.

तेव्हा मंडळी, जुन्या बाजारात असं बटण दिसलं तर आधी उलटून पाहा. घासून चकचकीत करायची घाई नको. कारखानदाराचं नाव पुसट झालं, की त्या बटणाची अर्धी साक्ष गेलीच म्हणून समजा.