लोहाच्या खडकावर उपाशी वेल

१/१२
शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीची लेणी आणि नारायणगावचे द्राक्षमळे यांच्या तळाशी एकच खडक आहे, तो म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. त्यात लोहाची ऑक्साइडे साधारण १० ते १४ टक्के असतात. तरीही त्याच्याच झिजेतून घडलेल्या मातीत द्राक्षवेलीची पाने लोहाअभावी पिवळी पडतात. या विसंगतीचा इतिहास जुन्नरहून फ्रान्समार्गे थेट टेक्सासपर्यंत पोहोचतो.

२/१२
प्रथम लक्षण पाहू. पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि आरंभ शेंड्याकडच्या पानांपासून. लोह हा हरितद्रव्याचा घटक नव्हे, परंतु हरितद्रव्य घडवण्यास ते लागतेच. जुन्या पानांतील लोह वेलीला सहजी हलवता येत नाही, म्हणून झळ कोवळ्या पानांना आधी बसते. उसावरील याच विकाराला आपल्याकडे ‘केवडा’ म्हणतात.

३/१२
१८४३ च्या सुमारास फ्रान्समध्ये यूजेन नव्हे, युझेब ग्री या संशोधकाने फिकट पानांवर लोहक्षाराचे द्रावण लावून पाहिले. जेथे द्रावण लागले, तेथे हिरवेपणा परतला. आपले शेतकरी ज्याला हिराकस म्हणतात, तो अशाच लोहक्षारांपैकी एक. पानात लोह कमी आहे, हे सिद्ध झाले. मातीत लोह असताना ते पानात का पोहोचत नाही, हा प्रश्न मात्र उरला.

४/१२
उत्तर मातीच्या सामूत आहे. हवेशीर मातीत लोह गंजाच्या रूपात बांधलेले असते. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. चुनखडीच्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास असतो. तेथे लोह भरपूर असते, पण मुळांना ते जवळजवळ अप्राप्य असते.

५/१२
जुन्नर-आंबेगावात हा फरक पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना दिसतो. नाणेघाट, भीमाशंकरकडच्या मुसळधार पावसाने चुना धुऊन जातो. पूर्वेस पाऊस घटतो, माती काळी होते आणि तीत चुनखडीचे खडे दिसू लागतात. खडक एकच, परंतु पावसाने त्याच्या दोन निराळ्या जमिनी केल्या.

६/१२
पश्चिमेच्या भातखाचरात तर अडचण उलटी होऊ शकते. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू संपतो, लोह विरघळते आणि अति झाल्यास विषारी ठरते. भात आपल्या पोकळ ऊतींतून मुळांपर्यंत प्राणवायू पोहोचवतो. त्यामुळे लोह मुळाबाहेरच गंजते. रोप उपटल्यावर मुळांवर दिसणारा तांबूस थर तो हाच.

७/१२
कमतरतेशी झुंजण्याच्या मात्र दोन रीती आहेत. द्राक्ष, भुईमूग यांची मुळे आम्ल सोडतात, फेरिक लोहाचे फेरस लोह करतात आणि ते आत घेतात. गवतकुळातील पिके लोहाला धरून आणणारी द्रव्ये मातीत सोडतात. १९७६ मध्ये जपानच्या ताकागी यांनी भात व ओट यांच्या मुळांच्या स्रावात अशा द्रव्यांचा छडा लावला.

८/१२
चुनखडीच्या मातीत पहिली रीत अपुरी पडते, कारण मुळाने सोडलेले आम्ल बायकार्बोनेट तेथल्या तेथे शमवते. पाणी अति दिले आणि निचरा नसला, तर बायकार्बोनेट वाढते आणि पिवळेपणाही वाढतो. कालव्याने बागायत आणलेल्या पट्ट्यात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

९/१२
हाच धडा फ्रान्सने फार महागात शिकला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने तेथील द्राक्षमळे उजाड केले. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधली गेली. कोन्याकच्या चुनखडीच्या जमिनीत यांतील अनेक खुंट पिवळे पडले. कीड हरली, पण माती जिंकली.

१०/१२
१८८७ मध्ये फ्रान्स सरकारने पिएर व्हियाला यांना अमेरिकेत धाडले. त्यांना चुन्यावर वाढणारी रानवेल हवी होती. टेक्सासमधील डेनिसनचे द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांची त्यांना मोठी मदत झाली. टेक्सासच्या चुनखडीवर वाढणारी बर्लांडिएरी ही जात पुढे अनेक संकरित खुंटांची जननी ठरली. १८८८ मध्ये फ्रान्सने मन्सन यांचा गौरव केला.

११/१२
आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. येथील द्राक्षबागांत रुळलेला ‘डॉगरिज’ खुंटही टेक्सासच्याच एका रानवेलीची निवड आहे आणि तिच्यामागेही मन्सन यांचेच नाव येते. १९९० च्या दशकात तो आपल्याकडे पसरला, तो मुख्यतः खारे पाणी आणि अवर्षण यांवरचा उपाय म्हणून. म्हणजे चुनखडीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो निवडलेला नव्हता.

१२/१२
म्हणूनच डॉगरिजवरची बागही चुनखडीत पिवळी दिसू शकते आणि तेवढ्यावरून बागायतदाराला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. एका संकटासाठी निवडलेले मूळ दुसऱ्या संकटात तोकडे पडते, हे कोन्याकमध्ये सरकारी तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत घडले होते. हिराकसाची फवारणी त्या हंगामाची पाने हिरवी करील. पण खुंट निवडण्याआधी सामू आणि चुना तपासला, तर व्हियाला ज्यासाठी समुद्र ओलांडून गेले, ते उत्तर आपल्याला बांधावरच मिळू लागेल.