दीपनगर ते अंगण : विजेच्या अंतराची गोष्ट

भुसावळजवळ फेकरीच्या शिवारात एक वसाहत आहे, तिचं नाव दीपनगर. औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीला याहून समर्पक नाव सुचणं कठीण. हतनूर धरणातून तापीचं पाणी येतं, रेल्वेने कोळसा येतो आणि वीज तयार होऊन तारांवरून निघून जाते. १९६८ साली इथला पहिला, साधारण साठ मेगावॅटचा संच सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे दोन संच आले, नंतर ५०० मेगावॅटचे दोन. पहिला संच केव्हाच निवृत्त झाला, पण नाव राहिलं.

गंमत अशी की २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत याच जिल्ह्यातली खेडी बारा-बारा तास अंधारात असायची. राखेची धूळ ओट्यावर, वीज मात्र दूरच्या शहरात. दिव्याखाली अंधार ही म्हण शब्दशः खरी झालेली आम्ही खानदेशी माणसांनी पाहिली आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हल्ली जळगाव-धुळ्यात घरोघरी दिसू लागलेली नवी रोषणाई. गणपती, दिवाळी आणि खानदेशच्या घराघरातली कानबाई. श्रावणातल्या त्या रात्री चौरंगावर नारळाची कानबाई बसते, रोट होतात, जागरण होतं आणि सोमवारी सकाळी विसर्जन. त्या एका रात्रीसाठी घर सजवायची हौस जुनीच. आता त्या हौसेत 'पिक्सेल' आले आहेत. माळेतला प्रत्येक दिवा वेगळा, प्रत्येकाचा रंग वेगळा आणि सगळं मोबाइलवरून चालणारं. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर फिरणाऱ्या तरुण पोरांच्या तोंडी व्होल्ट, अँपिअर असले शब्द ऐकू येतात तेव्हा बरं वाटतं. पण ही पोरं ज्या अडचणीशी झगडतात, ती चांगली एकशे चाळीस वर्षं जुनी आहे. तिचीच ही गोष्ट.

विजेच्या आधीचा प्रत्येक दिवा आपलं इंधन आपल्यासोबत बाळगायचा. पणतीत तेल, चिमणीत आणि कंदिलात रॉकेल. वरातीत डोक्यावर नाचवली जाणारी गॅसबत्ती म्हणजे तर चालताबोलता कारखानाच. खाली टाकीत रॉकेल, हवा भरायला पंप, वर पांढरंशुभ्र पेटणारं जाळीचं मेंटल. दहा गॅसबत्त्या असल्या तरी दहाव्या बत्तीला पहिलीइतकाच उजेड. रांगेत उभं राहिल्याने कुणाचं तेल कमी होत नसे.

विजेने हे नातं तोडलं. आग एकीकडे, उजेड दुसरीकडे, मध्ये तार. आणि तार काही फुकट वाहतूक करत नाही. ती प्रत्येक मीटरला आपला कर वसूल करते.

हा कर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भरला एडिसनने. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीज केंद्र सुरू झालं. वीज एकदिश, म्हणजे डीसी, आणि दाब सुमारे ११० व्होल्ट. केंद्राजवळच्या घरांत दिवे झकास लागत. पण लांब जावं तसा दाब पडे, आणि तो पडू नये म्हणून तांब्याची तार जाड करावी लागे. तांबं महाग. त्यामुळे एका केंद्राचा पल्ला जेमतेम अर्धा-एक मैल राही. तांबं वाचवण्यासाठी एडिसनने लवकरच तीन तारांची पद्धत काढली, पण मूळ दुखणं तसंच राहिलं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातल्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० छोटे दिवे लावले. घरगुती विद्युत रोषणाईचा हा आद्य प्रयोग मानतात. म्हणजे शहराला वीज देण्याचा उद्योग आणि घर सजवण्याची हौस ही दोन्ही एकाच वर्षाची लेकरं. अंतराचं दुखणंही दोघांना जन्मतःच मिळालेलं.

दुखण्याचं मूळ समजून घेऊ, कारण पुढे तेच कामाला येणार आहे. वीज वाहून नेताना तारेत जी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जूलने हे १८४० च्या सुमारासच दाखवून दिलं होतं. करंट दुप्पट तर नासाडी चौपट. उलट, तेवढीच शक्ती दसपट व्होल्टेजने पाठवली तर करंट एक दशांश होतो आणि नासाडी एक शतांश. औषध सोपं : लांब न्यायचं तर दाब वाढवा आणि वापरायच्या जागी तो उतरवा. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने सहज चढवता-उतरवता येतो, म्हणून १८८६ नंतर वेस्टिंगहाउस मंडळींनी हळूहळू बाजी मारली. आपल्याकडे १९१५ साली टाटांनी खोपोलीच्या पाण्यावर तयार केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत नेली ती याच युक्तीने.

खानदेशच्या माणसाला हा धडा रेल्वेने शिकवला. मुंबईकडची विजेची गाडी १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावत होती आणि तो प्रकार इगतपुरीपर्यंत आला होता. पुढे इगतपुरी ते भुसावळ विद्युतीकरण झालं १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तेव्हा दाब निवडला २५,००० व्होल्ट एसी. परिणाम असा की इगतपुरीला गाडीचं इंजिन बदलायचं. भुसावळहून मुंबईला जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी त्या थांब्यात चहा आणि वडे खाल्ले. हा थांबा म्हणजे एडिसन आणि वेस्टिंगहाउस यांच्यातली सीमारेषा आहे, हे वडा खाताना कुणाच्या ध्यानात आलं असेल? मध्य रेल्वेवरचा डीसी २०१६ पर्यंत पूर्ण संपला.

आता पुन्हा घराकडे येऊ.

आपल्या लहानपणीच्या रंगीत माळा आठवा. छोटे, पाच-सहा व्होल्टचे बल्ब, एकामागून एक सिरीजमध्ये जोडलेले. चाळीसेक बल्ब झाले की २३० व्होल्ट आपोआप वाटले जात. एक बल्ब गेला की सगळी माळ गप्प, मग घरातला कुणीतरी एकेक बल्ब चाचपत बसे. पण या गरीब माळेत एक मोठं शहाणपण होतं. दाब जास्त, करंट अगदी कमी, म्हणून केसासारखी तारही पुरे. अंतराचा प्रश्न तिला पडतच नसे. (धोका मात्र पूर्ण २३० व्होल्टचा, हेही विसरू नये.) मंडपवाले दिवे पळवायला लाकडी रूळ वापरत. रुळावर तांब्याच्या पट्ट्या, बाजूला घासणारे संपर्क, आणि मोटरने रूळ फिरला की दिवे धावत. प्रोग्राम म्हणजे रुळावर पट्ट्या कशा ठोकल्यात ते.

आणि झिरोचा बल्ब! नाव झिरो, पण खायचा दहा-पंधरा वॅट. असे दोनशे बल्ब लावायचे तर दोन-तीन हजार वॅट झाले. ते मंडळांचं काम, घराचं नव्हे.

एलईडीने हे गणित पालटलं. १९६२ मध्ये निक होलोनियाकने लाल एलईडी दाखवला. हिरवा आला, पण निळा काही केल्या जमेना. शेवटी १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवून दाखवला. त्याच्यामागे आकासाकी आणि अमानो यांची कित्येक वर्षांची मेहनत होती, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळून मिळालं. लाल, हिरवा, निळा हाताशी आले की हवा तो रंग करता येतो. मग चिनी कंपन्यांनी दिव्यापाशीच एक चिमुकली चिप बसवली, डब्ल्यूएस-२८११ आणि तिची भावंडं. आता माळेत तीन तारा : एक पाच व्होल्टची, एक ग्राउंड आणि एक निरोपाची. प्रत्येक दिवा आपल्या वाट्याचा निरोप ठेवून घेतो आणि उरलेला पुढे सरकवतो. लाकडी रूळ बोटाच्या पेरात मावला.

पण यातला पाच हा आकडा बघा. एडिसनचे ११० व्होल्टसुद्धा अपुरे पडत होते आणि आपण आलो पाचवर! तेही डीसी.

एक साधा हिशेब मांडतो. स्लॅबच्या कडेने दोनशे पिक्सेल लावलेत. पूर्ण पांढऱ्या रंगात एक पिक्सेल कमाल ६० मिलिअँपिअर घेतो असं धरा. म्हणजे १२ अँपिअर, ५ व्होल्टला ६० वॅट. वीजबिलाच्या दृष्टीने किरकोळ, पाच तासांना पाव युनिटपेक्षा थोडं जास्त. आता पॉवर सप्लाय घरात ठेवून १० मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली. जाऊन-येऊन २० मीटर, रोध सुमारे ०.२४ ओहम. १२ अँपिअरला यात २.९ व्होल्ट पडतात. पाचातले तीन वाटेतच संपले! (प्रत्यक्षात दाब पडला की दिवेही कमी करंट ओढतात, म्हणून आकडा इतका टोकाला जात नाही. पण रोषणाई बिघडायची ती बिघडतेच.)

तीच ६० वॅट १२ व्होल्टच्या पिक्सेलना पाठवली तर ५ अँपिअर, आणि पडतात १.२ व्होल्ट, एक दशांश. आणि त्याच तारेतून २३० व्होल्ट नेले तर करंट पाव अँपिअर आणि पडझड नगण्य. म्हणून उत्तर तेच जे खोपोलीला होतं : २३० व्होल्ट दिव्यांच्या जवळ न्या आणि पाच व्होल्ट तिथे करा. एसएमपीएस पाण्यापासून सुरक्षित डब्यात दिव्यांच्या शेजारी बसवला की तुमचं स्वतःचं छोटं सबस्टेशन तयार.

माळेचं शेवटचं टोक लालसर दिसतं, असं अनेकजण सांगतात. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला तीनच्या आसपास लागतात. दाब कमी झाला की आधी निळा मावळतो आणि पांढऱ्यातून लाल उरतो. शास्त्रज्ञांना जो रंग सर्वात शेवटी साधला, तोच आपल्या अंगणात सर्वात आधी हात टेकतो. दोन्हीचं कारण एकच : निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते.

उपाय म्हणजे माळेला एकाच टोकाने न पोसता दोन्ही टोकांनी, आणि दर पन्नास-शंभर दिव्यांमागे नव्याने वीज द्यायची. पर्ल स्ट्रीटच्या मंडळींनीही ठिकठिकाणी स्वतंत्र फीडर घालून हेच केलं होतं. बाकीचे नियम थोडक्यात. सप्लायवर क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भार टाकू नये. प्रत्येक फांदीला वेगळा फ्यूज. दोन सप्लाय असतील तर दोघांचं आणि कंट्रोलरचं ग्राउंड एकत्र, पण पाच व्होल्टच्या तारा एकमेकींना जोडायच्या नाहीत. प्रखरता एक तृतीयांशावर ठेवली तर करंटही साधारण तेवढाच उतरतो आणि अंधारात तेवढा उजेड डोळ्यांना भरपूर असतो.

आणि सर्वात महत्त्वाचं. पाच व्होल्टने माणूस मरत नाही, पण डब्यात येणाऱ्या २३० ने मरतो. कानबाई श्रावणात, गणपती भाद्रपदात, म्हणजे दोन्ही ओल्या दिवसांत. पत्रा ओला, पाय अनवाणी, जमिनीवर पाणी. म्हणून नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी हा या रोषणाईतला पहिला खर्च असावा, शेवटचा नव्हे. मांडवाच्या खांबाला शॉक लागल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यामागे बहुधा कच्चा जोड असतो, नाहीतर तारेवर टाकलेला आकडा. महावितरण उत्सवांसाठी तात्पुरती जोडणी घरगुती दराने देतं, तरी आकडा टाकायची खोड जात नाही. अंतराचा कर चुकवायला गेलं की तो कधी कधी जिवाने वसूल होतो.

मला वाटतं, या पोरांच्या छंदाचं खरं मोल इथे आहे. स्विच दाबला की दिवा लागतो, एवढीच ओळख असलेल्या माणसाला वीज कुठून येते हा प्रश्न पडत नाही. पण ज्याने आपल्या दहा मीटर तारेत तीन व्होल्ट हरवताना मीटरवर पाहिले, त्याला दीपनगरच्या चिमण्यांपासून शेताच्या टोकाच्या पंपापर्यंतचा प्रवास कळू लागतो. फीडरच्या शेवटच्या शेतकऱ्याची मोटर का गुरगुरते आणि जळते, हेही कळतं. तोसुद्धा माळेचा शेवटचा दिवाच आहे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. गच्चीवरही आता सौर पाट्या दिसतात, म्हणजे आग पुन्हा उजेडाच्या जवळ सरकते आहे. गॅसबत्तीसारखी. बॅटरीवर चालणारी पिक्सेलची माळ तर जवळजवळ पणतीच झाली, आपलं इंधन आपल्यासोबत.

असो. यंदा माळ लावण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन एवढंच लिहा : दिवे किती, अँपिअर किती, तार किती लांब. तीन आकडे. आणि एकाच टोकाकडून वीज देऊन दुसऱ्या टोकाकडून तेवढ्याच उजेडाची अपेक्षा करू नका. माळेकडून नाही, आणि फीडरच्या शेवटच्या गावाकडूनही नाही.