मोड आणि मोडी

जुन्या घराचा पोटमाळा रिकामा होऊ लागला, की सातारा-सांगलीकडील घरांत आजही एक आशा डोके वर काढते : या अडगळीत एखादी वस्तू लाखमोलाची निघेल. घंगाळ, समई, अडकित्ता, डब्यातली शिवराई बाहेर येते आणि भाव विचारला जातो. या आशेला आपल्या भागात इतिहास आहे. मात्र तो समजला जातो त्याहून निराळा आहे.

प्रथम बाजार पाहू. शिवराई हे तांब्याचे नाणे शिवकाळापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, पाडले जात होते. ते विपुल असल्याने साध्या शिवराईला मोठी किंमत येत नाही. भाव वयाला नसून दुर्मिळतेला असतो. एका बाजूला रामदरबार आणि दुसरीकडे कंपनी सरकारचे नाव व १८१८ हे साल असलेली नाणी तर कंपनीच्या टांकसाळीत कधी पडलीच नाहीत. ती मागाहून केलेली बनावट आहेत.

खरे घबाड या परिसरात निघाले ते कागदांचे. वि. का. राजवाडे यांना वाईत एरंडे यांच्या घरी जुनी पत्रे सापडली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड सिद्ध झाला. पानिपतचा इतिहास मूळ पत्रांच्या आधारे तपासता येऊ लागला. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रे निवडून १८९७पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली. साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी मेणवलीच्या वाड्यातील नाना फडणिसांचे कागद मिळवले. त्यांचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

यांतले सुटे पत्र हाती घेतले तर ते किरकोळ वाटते : कोणाची रक्कम पोचली, कोणाचा मुक्काम कुठे पडला. तारीख, ठिकाण आणि त्याच रुमालातले शेजारचे पत्र यांच्या संगतीत मात्र ते पुरावा ठरते, आणि मराठी गद्याचा नमुनाही. ही संगती तुटली, की उरतो तो केवळ जुना कागद.

भाषेने येथे एक योगायोग जुळवून ठेवला आहे. जुनी भांडी आपण मोडीत देतो आणि जुने कागद मोडीत लिहिलेले असतात. भांड्याला निदान धातूचे मोल येते. लिपी वाचता येत नाही म्हणून कागद मात्र रद्दीत जातो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ऐतिहासिक मोलाच्या ७५ वर्षांहून जुन्या कागदपत्रांनाही पुरावस्तू मानले आहे. घरोघरी त्याची जाणीव क्वचितच असते.

म्हणून भाव विचारण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात, असे आम्हांस वाटते : वस्तू कोणत्या घरातून, कोणाकडून आली ते लिहून ठेवावे, रुमाल सोडला तरी त्यातील कागदांचा क्रम मोडू नये, आणि मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्यावेत. तो जाणणारा मराठीच्या वर्गातून तयार व्हावा, ही जबाबदारी आपली, शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची.