डाग कातड्यावर की नजरेत? कोल्हापुरीच्या रंगाचा इतिहास



कोल्हापुरी चप्पल हातात घेतली की आपण तिची वेणी पाहतो, कान पाहतो. मी तुम्हाला तिचा रंग पाहायला सांगते. टाचेपासून अंगठ्यापर्यंत एकसारखा तांबूस. हा सारखेपणा शेवटी फडक्याने दिलेल्या रंगातून येतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

शेवटचा हात महत्त्वाचा आहेच. कोरड्या कातड्यावर एकदम दाट रंग ओतला तर चट्टा उठतो, म्हणून कातडे आधी सारखे ओलसर करून पातळ रंगाचे हात एकावर एक द्यावे लागतात. पोटाकडचे सैल कातडे रंग जास्त पिते, पाठीचे घट्ट कातडे कमी. पण कमावतानाच चूक झाली असेल, तर वरचा रंग ती झाकत नाही. केस काढण्यासाठी लावलेला चुना नीट धुतला गेला नाही, तर बाभळीच्या सालीच्या पाण्यात तेवढ्या जागी गडद डाग पडतो. ओल्या कातड्याला लोखंड लागले, तर निळा-काळा.

जुनी रीत अशी होती: कातडे शिवून त्याची पिशवी करायची, आत बाभळीची साल, हिरडा आणि त्यांचे पाणी भरून ती टांगायची. पाणी कातड्यातून झिरपते. खाली साठलेले पुन्हा वर ओतायचे. मग पिशवी उलटी करून टांगायची, म्हणजे दोन्ही टोकांना पाणी सारखे मुरते. हे रसायनशास्त्र नाही तर काय आहे?

हे शास्त्र जाणणाऱ्या ढोर (कक्कय्या) समाजाला मात्र गावाने 'घाण काम करणारे' म्हटले. मेलेले जनावर ओढणे महारांच्या माथी, कातडे कमावणे ढोरांच्या, चप्पल शिवणे चर्मकारांच्या. वस्तू एक, पण तिघांत रोटी नाही, बेटी नाही. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त १९३६ साली मांडले, त्याचा पुरावा आपल्या पायात होता.

इथे आपल्यातलेच काही जण विचारतील, ताई, बाबासाहेबांनी तर १९२७ साली महाडला मेलेली जनावरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, मग हे गोडवे कशाला? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी सक्ती नाकारायला सांगितली. उत्पन्न बुडेल म्हणणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते, एवढा फायदा असेल तर तुम्हीच करा. काम सोडणे म्हणजे त्यातले ज्ञान आपल्या पूर्वजांचे नव्हते असे मानणे नव्हे. ते ज्ञान आपण लाजेने टाकले, तर 'वारसा' म्हणून दुसरेच मिरवतात.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र 'आमची कोल्हापुरी' म्हणून उठला. त्या गदारोळात मी पुष्कळ वाचले. कातडे कमावणाऱ्यावर एक परिच्छेद शोधत राहिले.

तुमच्या घरात किंवा वस्तीत हे काम केलेले कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसा. पिशवी उलटी करायची वेळ झाली, हे कशावरून ओळखायचे, ते विचारा. आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.