कानातले रातकिडे

आमचे अप्पा सोलापूरच्या एका कापडगिरणीत साच्यावर काम करीत. निवृत्तीनंतर ते रात्री अंथरुणात उठून बसायचे आणि आईला म्हणायचे, ‘‘अगं, कानात रातकिडे किरकिरताहेत.’’ आई म्हणायची, ‘‘कुठं काय? झोपा आता.’’ आम्ही मुलं हसायचो. चार वर्षांपूर्वी, साठी उलटल्यावर, माझ्याही कानात ते रातकिडे आले आणि मुक्कामालाच राहिले. अप्पांचं म्हणणं मला त्या रात्री कळलं. पण ते सांगायला अप्पा उरले नव्हते.

मग मी या दुखण्याचा इतिहास शोधू लागलो. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. बेथोव्हेनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, लिहिलं की कान रात्रंदिवस गुणगुणतात. बहिरेपण लोकांना सांगायचं कसं, म्हणून तो बैठकाही टाळू लागला होता. चेक संगीतकार स्मेताना १८७४ मध्ये पन्नाशीत ठार बहिरा झाला. त्याच्या कानातल्या शिट्टीला त्याने १८७६ च्या ‘माझ्या जीवनातून’ या रचनेत जागा दिली. शेवटच्या भागात आनंदाची लय अचानक तुटते आणि व्हायोलिनचा एकच उंच स्वर लांबत राहतो. जे दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नव्हतं, ते त्याने सगळ्यांना ऐकवलं.

हा आवाज येतो कुठून? आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. मोठ्या आवाजाने किंवा वयाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू जणू रेडिओचा आवाज वाढवतो आणि मग खरखरच ऐकू येते, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. अमेरिकेत १९५३ मध्ये ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० जणांना अगदी नि:शब्द खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना काही ना काही आवाज ऐकू आला! म्हणजे संपूर्ण शांतता हे या दुखण्याचं खतपाणीच.

पॅरिसचे डॉक्टर इतार यांनी हे १८२१ सालीच ओळखलं होतं. ओल्या लाकडांची तडतडती शेकोटी किंवा पाण्याचा आवाज सोबतीला ठेवा, असं ते रुग्णांना सांगत. मी रात्री पंखा लावतो, कधी रेडिओ अगदी हळू ठेवतो. आवाज जात नाही, पण त्याच्याकडचं लक्ष जातं. हा आवाज कायमचा घालवणारी गोळी अजून नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांना आराम पडतो. मनाची भीती कमी करणारे समुपदेशनही उपयोगी ठरतं. मात्र आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावं. अचानक ऐकू येईनासं झालं, तर एक दिवसही थांबू नये.

आणि एक विनंती. घरातलं कुणी म्हणालं, कानात काहीतरी वाजतंय, तर ‘कुठं काय’ म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, कसं वाजतंय? अप्पांना आम्ही एवढं एकदा तरी विचारायला हवं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)