आवडत्या गीतांची वार्षिक मोजदाद

वर्ष सरत आले की त्या वर्षातील आवडत्या चित्रपटगीतांची मोजदाद करावी, ही प्रथा आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः आपल्या देशात ही प्रथा रुजली ती एका वादाच्या काळात. ऐकणाऱ्याने काय ऐकावे हे कोणी ठरवायचे, हा त्या वादातील मूळ प्रश्न होता.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर अभिजात संगीताचे जाणकार होते. संस्थाने गेली, तेव्हा गायक-वादकांना पूर्वी दरबारातून मिळणारा आश्रय आता राष्ट्राने दिला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. चित्रपटसंगीत पाश्चात्य चालींच्या आहारी जात आहे, हा त्यांचा आक्षेप होता. त्यामुळे नभोवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ घटविण्यात आला, गीते पारखून घेण्याचे ठरले, आणि चित्रपटाचे नाव उच्चारणे ही जाहिरात होय असे मानून ते गाळण्यात आले. निर्मात्यांनीही आपल्या गीतांची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. परिणामी आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ लुप्त झाले.

तथापि ध्वनिलहरींना देशाची सीमा आडवी येत नाही. महायुद्धात दोस्त सैन्याने सिलोनमध्ये उभारलेल्या शक्तिमान प्रक्षेपण केंद्राचा वारसा रेडिओ सिलोनला लाभला होता. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी रात्री, तेथून ‘बिनाका गीतमाला’ प्रथम ऐकू आली. निवेदक होते अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि विमानाने कोलंबोस जाई. आरंभी त्यात फक्त सात गीते असत, आणि श्रोत्यांनी ती कालानुक्रमे लावून पाठवायची असत. बक्षीस होते शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. पुढे पत्रांचा हा पूर आवरेना, तेव्हा १९५४ च्या अखेरीस लोकप्रियतेनुसार क्रम लावण्याची पद्धत सुरू झाली. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोतासंघांचा कौल हे तिचे आधार होते.

या मालिकेच्या वार्षिक याद्यांत १९५३ सालासाठी अग्रस्थानी नोंद आहे ती ‘अनारकली’ चित्रपटातील लता मंगेशकरांच्या एका गीताची. संगीतकार होते नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र. ‘अलबेला’ चित्रपटात १९५१ साली पाश्चात्य ठेका घरोघरी पोहोचविणारे तेच हे संगीतकार. परंतु श्रोत्यांनी शिरोभागी ठेवलेले हे गीत भीमपलासीच्या छायेतले आहे. लोकांच्या हाती निवड सोपविली तर ते रागदारीला पाठमोरे होतील, ही भीती निदान त्या वर्षी तरी निराधार ठरली.

केसकरांच्या धोरणाची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. आकाशवाणीने याच काळात सुगम संगीताची स्वतंत्र निर्मिती हाती घेतली, १९५४ पासून संगीत संमेलने भरविली. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. माडगूळकरांच्या त्या छप्पन्न गीतांना स्वर दिले ते सुधीर फडके या चित्रपटसृष्टीतल्याच संगीतकाराने. चांगले गाणे निर्माण करण्यात आकाशवाणीला यश आले. दुसरे गाणे ऐकू न देण्यात मात्र तिला यश आले नाही.

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीत स्वगृही परतले. केसकर तेव्हाही मंत्रिपदावरच होते. पुढे १९८९ मध्ये खुद्द ‘गीतमाला’च विविध भारतीवर आली. ज्या पेठेतून गिऱ्हाईक उठून गेले होते, त्याच पेठेत ते सदतीस वर्षांनी आपली यादी घेऊन परत आले, असेच म्हणावे लागेल.